धामणीचं तिसरं लाकूड

मी कमठा बोलतोय. शहरातली माणसं मला धनुष्य म्हणतील, पण चित्रातल्या धनुष्यासारखा मी देखणा नाही. माझा वरचा हात छान गोल वाकतो. खालच्या हातावर, मुठीपासून दीड वितीवर, लाकडाची एक गाठ आहे. तिथं मी ताठ राहतो आणि गाठीच्या खाली दोन बोटं जागेत जरा जास्तच झुकतो. ज्याला कमठ्यातलं कळतं, तो मला हातात घेतल्यावर आधी तिथंच अंगठा फिरवतो आणि विचारतो, “हितं काय झालं?”

काय झालं, तेच सांगतो.

माझं मूळ तुंगार्लीच्या तळ्यामागच्या डोंगरातलं. तिथं कड्याखालच्या झाडीत धामणीचं एक झाड होतं. धामणीचं लाकूड वाकतं, पण लवकर मोडत नाही, म्हणून माणसं तिच्या कावडी करतात, कुऱ्हाडीचे दांडे करतात. ठाकरवाडीतल्या बहिरूनं पौष महिन्यात ते झाड तोडलं आणि खोडाच्या उभ्या चार फाळी केल्या. एक पिळवटलेली निघाली, ती चुलीत गेली. उरलेल्या आम्ही तिघी चुलीवरच्या माळ्यावर चढलो. वर्षभर आणि वर सहा महिने आम्ही धूर खात पडून होतो. ओलं लाकूड घाईनं वाकवलं तर ते वाकडंच राहतं, हे बहिरूला ठाऊक होतं. त्या वाडीतले सगळे कमठे त्याच्याच हातचे होते.

आम्ही वाळत होतो तेवढ्यात बहिरू हिरड्याच्या झाडावरून पडला. पाठीला अडकवलेला त्याचा जुना कमठा मोडला आणि उजवा खांदा निखळला. खांदा बसवला, बांधला, पण तो हात पुढं कधी छातीच्या वर गेला नाही.

घरात माणसं तीन. बहिरू, त्याची एकुलती लेक चिंगी आणि चिंगीचा नवरा बारकू. बारकू घरजावई होता. पवनेच्या खोऱ्यातून तो या घरी आला, त्याला बारा वर्षं झाली होती. वय चाळिशीचं. हाताचा फार नेटका माणूस. त्यानं शाकारलेल्या छपराची कड सुतळी धरून कापल्यासारखी दिसे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रोजचं काही ना काही तो कोळशानं भिंतीवर मांडत असे. शेळी कधी व्याली, पेर कधी झाली, पाऊस किती दिवस थांबला, सगळ्याच्या रेघा. चिंगी दर दिवाळीला भिंत सारवायची आणि तो पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात करायचा.

यांचं शेत म्हणजे कड्याखालचा एक उतार. त्यावर नाचणी. बहिरूचा खांदा गेला त्या वर्षी दाणा दुधात आला आणि वानरं उतरली. गोफणीला ती सरावली होती. कड्यावरच्या दाट झाडीत दगड फांद्यांना अडतो आणि खाली आपल्याच पिकात पडतो. तीर मात्र फांद्यांच्या मधून जातो. तीर होते, पण कमठा नव्हता, आणि त्या दिवसांत वाडीतले बाकीचे कमठे आपापल्या मालकांच्या शेतावर अडकलेले असत. त्या वर्षी नाचणी घरात आली ती दोन टोपल्या.

पवनेवर तेव्हा धरणाचं काम चाललं होतं. बारकूचे दोघे भाऊ तिथं मातीकामावर होते. त्यांचा निरोप आला, इकडं या, झोपडीला जागा आहे, काम आहे. पेरणी झाल्यावर एका सकाळी बारकू चुलीकडं बघत म्हणाला, “औंदा बी नाचनी वानरांनी खाल्ली, तर दिवाळीमागं दाराला कूड बांधू आनि तिघं बी धरनावर जाऊ.”

बहिरू दारात बसला होता. तो शेळीला म्हणाला, “तू जा बाई त्यांच्यासंगं. मला हितंच ऱ्हाऊ दे.”

म्हणजे प्रश्न एवढाच होता. नाचणी वाचली तर हे घर राहणार, नाहीतर नाही. आणि नाचणी वाचायची तर श्रावणात एक कमठा हवा होता. ज्याला तो करता येत होता त्याचा हात चालत नव्हता, आणि ज्याचा हात चालत होता त्यानं जन्मात कधी कमठा केला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सासऱ्यानं सांगावं, जावयानं करावं. त्यात काय अवघड? अवघड होतं ते असं, की जावयाला उणा शब्द बोलायचा नाही, हा बहिरूच्या घरचा रिवाज होता. त्याच्या बापानं तो पाळला होता. बहिरू बारकूला बारा वर्षं ‘पाव्हणं’ म्हणत होता. भाकरी आधी पाव्हण्याला, घोंगडं आधी पाव्हण्याला. पाव्हण्याचं काही चुकलं, तर ते तो चिंगीला सांगे, चिंगी नसली तर शेळीला. ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, त्यातलाच प्रकार.

बारकूनं पहिली फाळी खाली काढली. ती माझी थोरली बहीण. कमठ्याला पाठ असते आणि पोट असतं. सालीकडची बाजू ती पाठ, धरणाऱ्याच्या तोंडाकडची बाजू ते पोट. माणसं आपापसात म्हणतात, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका. आमच्यात नेमकं उलटं आहे. जे काही काढायचं ते पोटातून, पाठीला धार लावायची नाही. साल सोलायची आणि पाठ जशी असेल तशी ठेवायची, उंचवट्या-खोलगट्यांसकट. पाठीवरचे लांब धागे तुटले की कमठा संपला.

बारकूला ते ओबडधोबड बघवेना. त्यानं तासणी घेतली आणि पाठ भिंतीसारखी सपाट केली.

बहिरू दारातून बघत होता. त्याच्या तोंडाची नुसती चुळबुळ झाली. मग तो म्हणाला, “शेळे, पाठीला कुनी हात लावत न्हाई गं.”

बारकूनं उठून शेळीच्या पाठीवर हात फिरवला. जखम वगैरे काही दिसली नाही. तो पुन्हा कामाला बसला.

दुसऱ्या दिवशी दोर लावून ओढताना ती मोडली. आवाज एवढा झाला की शेजारची पुतळाबाई दारात आली. “काय गं चिंगे, तुजा नवरा कमठा करतोय का सरपन फोडतोय?”

दुसऱ्या फाळीची पाठ बारकूनं सोडली. तेवढं तो मोडलेल्या लाकडावरून शिकला होता. पोट त्यानं छान उतरवलं, टोकाला खाचा केल्या आणि दोर चढवला. मग तो उभा राहिला आणि एका दमात कानापर्यंत ओढायला निघाला. कमठा म्हटलं की माणसाला आधी जोर बघायचा असतो, हे मी पुढंही पुष्कळदा पाहिलं.

बहिरू घाईघाईनं म्हणाला, “चिंगे, नव्या बैलाला पैल्याच दिशी सारं शेत नांगराय लावत्यात का गं?”

“आपल्याकडं बैल कुटं हाय, आबा?” चिंगी म्हणाली.

तेवढ्यात दुसरा आवाज झाला.

मग माळ्यावर मी एकटा राहिलो. नवं लाकूड तोडायचं तर पौषात, आणि ते वाळायला पुढं दीड वर्ष. मी मोडलो असतो तर त्या वर्षी दुसरा कमठा होणारच नव्हता. चार दिवस बारकू माळ्याकडं नुसता बघत होता. पाचव्या दिवशी त्यानं मला खाली घेतलं, मांडीवर ठेवलं आणि किती वेळ काहीच केलं नाही. मला ते आवडलं.

या वेळी त्यानं घाई केली नाही. माझी साल त्यानं लाकडाच्या बोथट पट्टीनं सोलली. मधोमध मुठीला चार बोटं जागा सोडली आणि तिथून दोन्ही टोकांकडं मला हळूहळू निमुळता केला. पाऊस लागलेला होता, म्हणून काम चुलीच्या धगीला चाले. जाड काम तासणीनं आणि बारीक काम काचेनं. काच म्हणजे लोणावळ्याच्या बाजारातून आणलेल्या फुटक्या सोडा-बाटलीचा तुकडा. त्याच्या धारेनं लाकडाचा पापुद्रा निघतो, कांद्याच्या पातीसारखा. त्याहून जास्त एका वेळी काढायचंच नसतं.

रोज थोडं तासून झालं की तो माझं एक टोक जमिनीवर टेकवी, मुठीवर हलका भार देई आणि मी कसा वाकतो ते बघे. मग टोक बदले. दोन्ही हात थोडे वाकायला लागले, तेव्हा त्यानं लांब ढिला दोर बांधला आणि मधल्या खांबाच्या खुंटीवर मला आडवा टांगला, पाठ वर, पोट खाली. चिंगी दोर खाली ओढायची आणि बारकू समोर चार पावलांवर उकिडवा बसून बघायचा. जो ओढतो त्याला वाक दिसत नाही, त्याला फक्त जोर कळतो. बघणारा वेगळाच लागतो, आणि त्यानं दोराकडं बघायचं नसतं, दोन्ही हातांकडं बघायचं असतं. हे मात्र बारकूनं आपल्या डोक्यानं काढलं.

आणि भिंत होतीच. माझा जेवढा वाक पडे तेवढी रेघ तो मागच्या भिंतीवर कोळशानं काढी. पहिल्या दिवशीची जवळजवळ सरळ, दुसऱ्या दिवशीची थोडी खाली, तिसऱ्या दिवशीची आणखी. आठ दिवसांत भिंतीवर एकाखाली एक आठ रेघा झाल्या. डावीकडच्या उजवीकडच्यांशी जुळत होत्या. एका ठिकाणी मात्र जुळत नव्हत्या. तिथं गाठ होती.

बहिरू दारातून रेघा बघायचा आणि शेळीला म्हणायचा, “बरं चाललंय गं.” शेळी कान हलवायची.

नवव्या दिवशी बारकूचं लक्ष गाठीवर गेलं. पोटाच्या बाजूला ती भाताच्या लोंबीवरच्या किड्यासारखी फुगलेली होती. बाकी सगळं गुळगुळीत आणि हे एकच टेंगूळ. त्याच्या नेटक्या डोळ्यांना ते खुपलं. त्यानं काच घेतली आणि गाठ आणि गाठीखालची जागा घासायला सुरुवात केली. गाठीखालचं लाकूड मऊ होतं, पापुद्रे भराभर निघू लागले. माणसाचा हात जिथं सहज चालतो तिथंच तो जास्त चालवतो. जे वाकत नाही ते तासायचं आणि जे वाकतंय त्याला शिवायचं नाही, हा साधा नियम आहे. पण मऊ जागा हाताला बोलावते. गाठीभोवती तर लाकूड उलट जास्त ठेवायचं असतं, कारण तिथं धागे सरळ नसतात.

मला दुखायला लागलं. ओरडायला मला तोंड नव्हतं.

बहिरू ओरडला. “ए बारक्या! हात काढ! बैला, गाठ घासतोस व्हय रं!”

चिंगीच्या हातातली परात तशीच राहिली. बारकूनं काच हळूच खाली ठेवली, मला भिंतीला टेकवलं आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं चिंगी त्याच्याकडं गेली.

“बैल म्हनलं मला,” तो म्हणाला.

“घरात बैल न्हाई ना, म्हनून म्हनलं आसतील. हौस.”

तो हसला नाही. जावई रुसला होता, आणि रुसलेला जावई ही साधी गोष्ट नसते. त्याला नवं धोतर तरी द्यावं लागतं, कोंबडा तरी कापावा लागतो. बहिरूजवळ दोन्ही नव्हतं. दोन दिवस बारकू ओट्यावर बसून होता. चिंगी भाकरी नेऊन ठेवी, ती तो खाई. मी भिंतीला टेकून होतो आणि गाठीखालची माझी जागा अशक्त झाली होती. कुणी आता दोर लावून ओढलं असतं तर मी तिथंच मोडलो असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुतळाबाई सांगत आली, “कड्याव वानरं आल्यात. हुप्प्या उंबरावर बसून खाली बघतोय. तुमचीच नाचनी बघतोय, माजी कुटं एवढी चांगली हाय!”

ती गेल्यावर बारकू चिंगीला म्हणाला, “उद्या सकाळी मी पवनंला जातो. जागा बघून येतो.”

घरात बहिरूनं ते ऐकलं. तो उठला, डाव्या हातानं मला उचललं आणि ओट्यावर आला. बारकूची पाठ त्याच्याकडं होती. म्हातारा त्याच्या मागं बसला, मला मांडीवर आडवं घेतलं आणि बोलू लागला. बारकूशी नाही, माझ्याशी.

“लाकडा, तुज्या मालकाला सांग, मी त्याला बैल म्हनलो ते वंगाळ झालं.”

बारकू हलला नाही. वळचणीचं पाणी गळत होतं.

“आनि ह्ये बी सांग. पैली दोन लाकडं त्यानं न्हाई मोडली. मी मोडली. पाठ तासतोय ते मला दिसत हुतं. एका दमात वढतोय ते बी दिसत हुतं. पाव्हणा मानूस, कसं बोलायचं, म्हनून शेळीला सांगत बसलो. शेळीला काय कमठा करायचाय?”

बारकूचे खांदे हलले. तो हसत होता आणि ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यानं मान आणखी खाली घातली. मग तोही तोंड न वळवता म्हणाला, “लाकडा, आबास्नी इचार. बारा वर्सं झाली ह्या घरात. आजून मी पाव्हणाच का?”

माझ्या अंगावरून बहिरूचा अंगठा फिरत फिरत गाठीपाशी येऊन थांबला.

“पाव्हण्याला कुनी वरडत न्हाई,” तो म्हणाला. “परवा मी वरडलो.”

बारकू वळला, त्यानं मला सासऱ्याच्या मांडीवरून उचललं आणि त्याच्या समोर धरलं.

“आता ह्या गाठीचं काय करायचं ते सांगा. वरडून सांगा.”

म्हातारा ओरडला. दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस तो सकाळपासून ओरडत होता. “हितं न्हाई! वर! तीन बोटं वर! हां, आता तास. बास! बास म्हनलं ना! काच ठिव खाली.” बारकू काच खाली ठेवी. “चिंगे, वढ. आर्धाच वढ. इस येळा वढ, मग बघू. लाकडाला सवय लागाय पायजे.” चिंगी वीस वेळा ओढी. “आता दिसतंय का? वरचा हात आजून ताठ हाय. तिथं दोन पापुद्रं काढ. दोनच. तीन काडलंस तर बघ!”

पुतळाबाई कुडापलीकडून म्हणाली, “अगं चिंगे, बहिरूभाऊला काय झालं? जावयाला गुरावानी वरडतोय!”

“वरडू द्या मावशी. बारा वर्साचं साचलंय.”

गाठीखाली लाकूड कमी झालं होतं आणि गेलेलं लाकूड परत लावता येत नाही. तेव्हा उपाय एकच होता. ती जागा सोडून द्यायची, तिला आता काचेचा स्पर्शही करायचा नाही, आणि बाकीचं सगळं अंग हळूहळू तिच्याइतकं हलकं करायचं. पहिल्यांदा दोर ओढला की माझं सगळं ओझं त्या दोन बोटं जागेवर पडायचं. जसजसा माझा वरचा हात उतरला, मुठीजवळचा भाग उतरला, तसतसं ते ओझं साऱ्या अंगात वाटलं गेलं. दुखणं हळूहळू कमी झालं. पण माझा जोरही कमी झाला. बहिरूच्या जुन्या कमठ्यापुढं मी निम्म्याचाही नव्हतो.

बारकूला ते कळत होतं. पाचव्या दिवशी भिंतीवरची रेघ बघत तो म्हणाला, “आबा, ह्यो लय हलका झाला. वाडीतली हसतील.”

“तुला वानरं पळवायची का वाडीला जोर दावायचा?”

सहाव्या दिवशी दोन्ही बाजूंच्या रेघा जुळल्या. गाठीपाशी एवढंसं पोक राहिलं, ते राहू दिलं. चिंगीनं घायपाताचा वाख मांडीवर वळून दोर केला आणि त्याला मेण चोळलं. बारकूनं मला चढवलं आणि अंगणात उभा राहून थोडा थोडा ओढू लागला. त्याचे हात लांब. दोर छातीपर्यंत आला आणि हात आणखी मागं जायला बघत होता.

“थांब!” बहिरू म्हणाला. या वेळी हळू म्हणाला. “ह्यो तुज्या हाताचा न्हाई, बारकू. तुज्या वढीला ह्यो पुरायचा न्हाई, मोडंल. चिंगीला दे.”

बारकू मला धरून उभा राहिला. दोन लाकडं मोडून आणि तिसऱ्यावर पंधरा-सोळा दिवस घालवून त्यानं कमठा केला होता, आणि तो त्याला ओढता येणार नव्हता. त्याच्या मुठीत मला ते जाणवलं. मग त्यानं बायकोला हाक मारली. चिंगी लहानपणी बापाबरोबर पाखरं मारायला जायची. तिनं कमरेला पदर खोचला, मला घेतलं, आणि तिचा हात जिथं थांबला तिथंच माझा वाकही थांबला. जणू आधीच माप घेतलेलं होतं.

भाद्रपद संपता संपता नाचणीच्या कणसांत दूध भरलं. एका सकाळी तिघंही शेतात होते. कड्याच्या उंबरावर तो हुप्प्या, मागं पंधरा-वीसजणांचं खांड. चिंगीनं बोथट तीर लावला. टोकाला टोचणारं काही नाही, लाकडाचा गोळा असतो. मारायचं नाही, नुसता दणका द्यायचा.

पहिला तीर फांदीला लागला. हुप्प्यानं तीर पडताना बघितला आणि तो दोन फांद्या खाली आला. त्याच्यामागं सगळं खांड सरकलं.

चिंगीनं दुसरा तीर लावला आणि मला पूर्ण ओढलं. एवढं पूर्ण मला आजवर कुणीच ओढलं नव्हतं. तेवढ्यात माझ्या अंगातून ‘कट्’ असा आवाज आला.

तिघांनीही तो ऐकला. बारकूचा हात पुढं आला. बहिरूनं डोळे मिटले. मी स्वतः गाठीखाली काय होतंय ते बघत होतो. तिथं काही झालं नव्हतं. नवा दोर खाचेत घट्ट बसला होता, एवढंच. चिंगी मात्र थांबली नव्हती. तिचा डोळा हुप्प्यावर होता. तीर फांद्यांच्या मधून गेला आणि त्याच्या मांडीवर बसला. त्यानं एवढी मोठी हुप्प केली की तळ्याकडून उलटून आवाज आला. मग एकेक करत सगळं खांड कड्यावर चढलं.

ती परत आली, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही. चिंगी रोज उजाडल्यापासून मावळेपर्यंत मचाणावर होती. बारकू खाली पडलेले तीर शोधून आणायचा. संध्याकाळी घरी आलो की तो आधी माझा दोर उतरवी, मग हातपाय धुवी.

दिवाळीत त्याचा भाऊ धरणावरून न्यायला आला. ओट्यावर नाचणीची कणसं रास करून ठेवली होती, त्यांच्याशेजारीच तो जेवायला बसला. तीन भाकरी खाल्ल्या. मग म्हणाला, “सामान कुटंय?” बारकूनं त्याच्या ताटात चौथी भाकरी घातली. भाऊ एकटा परत गेला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. बहिरू त्यानंतर चार पावसाळे जगला आणि आपल्याच दारात गेला. पवनेचं धरण पुरं होऊन पाणी अडलं. बारकू आता वाडीतल्या लोकांना कमठे करायला शिकवतो. शिकणाऱ्याला तो मला दाखवतो आणि म्हणतो, “हितं बघ, हितं माजा हात गेलता.” आणि मग ओरडतो. चांगला ओरडतो.

गेल्या आश्विनात चिंगी मला ओढत असताना गाठीखाली पाठीवरचा एक धागा उचलला गेला. तिच्या बोटाला तो लागला. तिनं तीर न सोडताच दोर हळू हळू ढिला केला. त्या दिवसापासून मी माळ्यावर आहे. माझ्याशेजारी धामणीची दोन नवी लाकडं वाळताहेत. रात्रंदिवस त्यांना भीती वाटते. मी त्यांना सांगतो, काचेला घाबरू नका, घाईला घाबरा. आणि खाली कुणी ओरडत असेल तर निर्धास्त राहा.

बारकू अधूनमधून मला खाली घेतो, तेल लावतो आणि परत ठेवतो. मला मोडायला त्याचं मन होत नाही. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. कमठा म्हणून माझं काम झालं आहे, पण लाकूड म्हणून अजून संपलेलं नाही. माझ्या वरच्या हातात वीतभर जागा अजून निरोगी आहे, एकही धागा तुटलेला नाही. चिंगीच्या कोयत्याची मूठ दोन वर्षांपासून ढिली आहे. ती त्यात चिंधी कोंबून काम भागवते, मला वरून दिसतं. उतारावर नाचणी पिकली आहे आणि परवा कापणी आहे. बारकू, मला खाली घे आणि कापायला बस.